गुंतवळ, करवंटी आणि साठ टाचण्या

मागच्या अंकात बाही बसवण्याबद्दल उत्तर देताना मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘काढलेली टाचणी टाचण्या खोचायच्या उशीतच गेली पाहिजे, पदराला नाही, ओठांत नाही, सतरंजीवर तर नाहीच नाही.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर मी टाचण्यांनाच देतेय. सांगलीत माझा शिवणाचा क्लास १९८८ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत कापड बदललं, मशीन बदललं, पण टाचणी हाताळायची रीत ज्या मुलीला पहिल्या महिन्यात लागली तिलाच पुढे लागलेली राहिली, असं मी बघत आलेय.

चिपळूणहून एक वाचक लिहितात : ताई, माझ्या मखमली उशीत आत कापूस भरलेला आहे. पावसाळ्यात टाचण्या तांबूस पडतात. गेल्या श्रावणात पांढऱ्या पॉपलिनच्या ब्लाऊजवर गंजाचा डाग पडला. कापूस बदलू की टाचण्या?

दोन्ही बदला, पण आधी कापूस. कापूस हवेतली ओल पितो आणि धरून ठेवतो. कोकणातल्या पावसात तुमच्या टाचण्या रात्रभर ओल्या गादीत झोपतात, मग गंजणार नाहीत तर काय! शिवाय चार-पाच वर्षांत कापसाच्या गाठी होतात. टाचणी आत जाईना म्हणून आपण जोर लावतो आणि ती वाकते.

माझ्या आईची टाचण्यांची उशी नारळाच्या अर्ध्या करवंटीत बसवलेली होती आणि आत होती गुंतवळ. कंगव्याला येणारे केस ती बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यातल्या डब्यात टाकायची. दारावर सुया-पोत विकणाऱ्या बायका यायच्या, त्या गुंतवळ घेऊन बदल्यात सुया, दाभण, पिना द्यायच्या. आई अर्धी गुंतवळ त्यांना द्यायची आणि अर्धी उशीसाठी ठेवायची. केसांना अंगचा किंचित तेलकटपणा असतो. टाचणी दर वेळी आत जाताना त्याचं पुसट बोट लागतं, त्यामुळे ती गंजत नाही आणि कापडातही अलगद सरकते. ती उशी आजही माझ्या मशीनशेजारी आहे. वरचा खण मी दोनदा बदलला, आतली गुंतवळ आईचीच आहे.

तुम्ही करणार असाल तर अशी करा. करवंटी बाहेरून पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करा आणि तळाला बाटलीच्या झाकणाएवढी चकती चिकटवा, म्हणजे ती डुगडुगणार नाही. केस तेल लावून न्हालेल्या दिवशीचे नकोत, कापडाला डाग पडतो. घट्ट विणीच्या सुती कापडाची दुहेरी पिशवी करून त्यात केस ठासून भरा. किती ठासून? अंगठा दाबला तर जेमतेम खळी पडावी आणि लगेच भरून यावी. वरून खणाचा तुकडा ओढून शिवा आणि उशी करवंटीत चिकटवून टाका.

गुंतवळीची किळस येते असं क्लासमधल्या मुली म्हणतात, त्यांना मी लोकर भरायला सांगते. जुन्या स्वेटरची चालेल, पण खरी लोकर हवी. एक धागा काडीपेटीवर जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ती नुसती अ‍ॅक्रिलिक, ती नको. सुताराकडचा लाकडाचा भुसा चाळून, कडक उन्हात वाळवून भरला तर उशीला छान वजन येतं, पण कोकणात तो पुन्हा ओल धरेल. तांदूळ, बाजरी भरू नका. किडे होतात आणि उंदीर येतो.

टाचण्या घेताना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. गंजलेल्या घासून पुन्हा वापरू नका, वरचा मुलामा एकदा गेला की गंज परत येतोच. पॉपलिनच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग धुवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. हे फक्त पांढऱ्या सुती कापडासाठी. ब्लीचचं द्रावण मात्र अजिबात लावू नका, त्याने गंजाचा डाग आणखी पक्का होतो.

न्यू जर्सीहून एक आजी : मुलीकडे आल्यावर इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांच्या गटात जाऊ लागले. जिच्या-तिच्या पुढ्यात लाल टोमॅटोची उशी आणि तिला लोंबणारी छोटी स्ट्रॉबेरी! टोमॅटोच का? आणि त्या स्ट्रॉबेरीत टाचणी टोचली तर करकर वाजतं, ते काय असतं?

टोमॅटोची गोष्ट अशी सांगतात की नव्या घरात फळीवर टोमॅटो ठेवला तर घर भरलेलं राहतं अशी समजूत होती. हंगाम नसला की बायका लाल कापडाचा टोमॅटो करून त्यात भुसा भरायच्या आणि मग त्याचाच टाचण्या खोचायला उपयोग होऊ लागला. ही ऐकीव गोष्ट आहे, तशीच सांगतेय. व्हिक्टोरिया राणीच्या काळात या उशा घरोघर झाल्या.

स्ट्रॉबेरीचं मात्र नक्की सांगते. तिच्यात कुरुंदाची पूड असते. आपल्याकडे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायच्या चाकात असतो तोच कुरुंद. इंग्रजांनी त्याचं नावसुद्धा तमिळमधून उचललं. बोथट झालेली किंवा जरा काळवंडलेली सुई त्यात पाच-सहा वेळा आत-बाहेर केली की टोक साफ होतं. पण टाचण्या तिच्यात ठेवायच्या नसतात, फक्त घासायच्या. आजी, परत येताना एखादी स्ट्रॉबेरी घेऊन या, मोठी कामाची वस्तू आहे.

टोमॅटोला दोऱ्याने ताणून पाकळ्या पाडलेल्या असतात, त्याही नीट बघा. त्यांचा माझ्या लेखी फार मोठा उपयोग आहे. शेवटून दुसऱ्या पत्राला उत्तर देताना सांगते.

पुण्याच्या कोथरूडमधून, नोकरी करणारी एक मुलगी : आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतलीय. व्हिडिओत सांगतात की मधून सुरुवात करून दर मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिन लावा. माझी आजी म्हणते, गोधडीला कुणी पिना लावतं का? कोणाचं ऐकू?

बाळ, दोघांचंही बरोबर आहे, कारण ती दोन वेगळी कामं आहेत.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या सासूबाई वाकळ घालायच्या तेव्हा सकाळी अंगण सारवून वाळू द्यायच्या. मग खाली लुगडं पसरायचं, त्यावर जुनी धोतरं, साड्यांचे तुकडे, वर पुन्हा चांगलं लुगडं. चार कोपऱ्यांवर चार दगड आणि मध्यावर पाण्याने भरलेली कळशी. पिन एकही नाही. मग दोघी जणी समोरासमोर बसून हातभर लांबीच्या कच्च्या टाक्यांनी सगळी वाकळ आडवी-उभी टाचून घ्यायच्या. त्यानंतरच काठाकडून धावदोरा सुरू व्हायचा आणि फेरी मारत मारत मध्याला येऊन थांबायचा. काठ आधी बांधलेला आणि सगळे थर एकाच जातीचे, वापरून मऊ झालेले सुती. त्यामुळे ते एकमेकांना धरून बसतात, सरकत नाहीत. तुझ्या आजीने हेच पाहिलं असणार.

व्हिडिओतल्या रजईत दोन कापडांच्या मध्ये फुगीर अस्तर असतं आणि ती मशीनवर शिवतात. मशीनचे दाते खालचं कापड ओढून नेतात, पायाखालचं वरचं कापड मागे राहतं आणि अस्तर मध्ये लोळतं. म्हणून तिथे मधून बाहेर हात फिरवत, हवा काढत पिना लावायच्या. त्यासाठी पोट बाहेर आलेल्या वाकड्या सेफ्टी पिना मिळतात. खालून वर येताना थर उचकटत नाहीत. या सेफ्टी पिनेचं पेटंट १८४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी घेतलं आणि अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकलं. तान्ह्या बाळाच्या लंगोटापासून आपल्या मंगळसूत्रात अडकवलेल्या पिनेपर्यंत तिने किती घरं सांभाळली!

आता तुझं. तू हाताने शिवतेयस आणि साड्या सुती असतील तर आजीसारखं टाचून घे. फ्लॅटमध्ये सारवलेलं अंगण कुठून आणणार! फरशीवर चिकटपट्टीने खालची साडी ताणून बसव आणि दगडांऐवजी जाड पुस्तकं ठेव. साड्या सिंथेटिक असतील तर त्या निसरड्या, तिथे नुसतं टाचून भागणार नाही, आधी सेफ्टी पिना लाव. पण रोज शिवून झाल्यावर पिना लावलेली गोधडी घडी घालून माळ्यावर टाकू नकोस. पिना महिनाभर एका जागी राहिल्या की भोकं मोठी होतात आणि दमट दिवसांत गंज उतरतो. पिना लावल्यास की आठ-दहा दिवसांत टाचून घे आणि पिना काढून टाक.

आजीला शेजारी बसव. टाचताना समोर कुणीतरी लागतंच.

बार्शीहून एक शिंपीकाका : चाळीस वर्षं टाचण्या ओठांत धरून काम केलं. सून ओरडते. काही झालं नाही आजवर. तुमच्या त्या वाक्याने तिला आणखी जोर आलाय.

काका, सुनेचं ऐका. माझे वडीलही शिंपी होते. त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला मधोमध एक खाच होती, बरोबर टाचणी बसेल एवढी. लहानपणी मला वाटायचं शिंप्यांचे दात असेच असतात! टाचणी धरून धरून आणि दोरा तोडून तोडून दात झिजतो, दाताचे डॉक्टर शिवणाऱ्यांचे दात बघून ओळखतात.

दात झिजला तर एक वेळ निभावेल. ओठांत टाचण्या असताना खोकला आला, शिंक आली, गिऱ्हाईक काही गमतीचं बोललं की आपण श्वास आत ओढतो, आणि त्या श्वासाबरोबर टाचणी पोटात नाही, फुप्फुसात जाऊ शकते. तसं झालं किंवा गिळली गेली तर उलटी काढायची नाही, वरून केळी खायची नाहीत, सरळ दवाखाना गाठायचा. स्टीलची टाचणी क्ष-किरणात दिसते.

सवय तोडायची तर हाताला दुसरी जागा द्यावी लागते. डाव्या मनगटावर छोटी उशी बांधा. खाली डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण घालून तिच्यावर उशी शिवा, नाहीतर टाचणी आरपार मनगटात घुसते. वर रुंद इलॅस्टिक लावा. पहिले पंधरा दिवस हात ओठांकडे जाईल. जाऊ द्या, तिथून परत मनगटाकडे आणा. तुमच्या वयाच्या दोन कारागिरांची सवय मी अशी सुटताना पाहिली आहे.

नाशिकहून : पैठणीला फॉल लावताना टाचण्यांची भोकं राहिली. जातील का?

रेशमाचे धागे नुसते बाजूला सरकले असतील तर जातील, तुटले असतील तर नाही. नखाच्या पाठीने भोकावर आधी उभं, मग आडवं, हलक्या हाताने घासा. वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. पाणी शिंपडू नका, रेशमावर पाण्याचेही डाग पडतात.

पुढच्या वेळी पैठणीला जाड टाचणी लावूच नका. फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. आटायचा असेल तो तेव्हाच आटतो, नाहीतर पहिल्या धुण्यात साडीच्या निऱ्या चिमटल्यासारख्या दिसतात. मग बारीक सुईने आणि सुती दोऱ्याने लांब कच्चे टाके घालून फॉल जागेवर बसवा. टाचणीच हवी असेल तर रेशमासाठी अर्धा मिलिमीटर जाडीच्या बारीक टाचण्या मिळतात. जरीच्या काठात टाचणी घालायचीच नाही. जरीची तार एकदा ओढली गेली की ती परत बसत नाही. आणि रात्री काम थांबवलंत तर टाचण्या साडीत ठेवून झोपू नका.

रेक्झिन, चामडं यांना भोक म्हणजे कायमचं भोक. तिथे कपड्यांचे छोटे चिमटे लावा.

इस्लामपूरहून, क्लासला जाणारी मुलगी : आमच्या बाई म्हणतात, टाचण्या लावणं म्हणजे कच्चेपणा, हात बसला की लागत नाहीत.

सुती कापडाची सरळ शिलाई असेल तर बाई म्हणतात ते खरं. परकराच्या बाजूला टाचण्या लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. दोन्ही टोकं जुळव, मध्य जुळव, हाताने ताण धर, झालं. पण बाही मुंढ्यात, म्हणजे बाहीसाठी कापलेल्या गोलात, बसवताना मी आजही टाचण्या लावते आणि पुढेही लावणार. खांद्याची शिवण, पुढची खूण, मागची खूण, काखेचं टोक, या चार जागा आधी, मग वरच्या गोलाईत बाहीचं जास्तीचं कापड मुरवत चार-पाच. ब्लाऊजच्या कटोरीला, म्हणजे छातीवरच्या गोलसर तुकड्यालाही तसंच. टाचणी शिलाईला आडवी लाव, डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे काढायला सोपं. मशीनचा पाय टाचणीपर्यंत आला की थांब, काढ, उशीत खोच, पुढे जा. ‘आडवी असली की वरून मशीन चालतं’ असं कुणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. सुई टाचणीवर आदळली की टोक मोडून उडतं आणि ते चेहऱ्याच्या दिशेने येतं.

टाचण्यांच्या पाकिटावरचा नंबर म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागांत लांबी. १७ नंबर म्हणजे एक इंचाहून जराशी मोठी, ब्लाऊजला तीच. २८ नंबर पावणेदोन इंचांची, ती जाड थरांना. डोकं काचेचं घे. प्लॅस्टिकचं डोकं इस्त्रीखाली वितळून कापडाला चिकटतं.

साताऱ्याहून एक आजी : घरात रांगतं नातवंड आहे आणि ह्यांना वीस वर्षांचा मधुमेह. शिवण सोडून द्यावं का?

सोडू नका. पण मला यावर थोडं सविस्तर लिहू दे.

१९९१ साली शेजारच्या लेकीच्या पहिल्या बाळासाठी मी दुपटं शिवलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं, चार थर. साध्या, डोकं नसल्यासारख्या बारीक टाचण्या लावल्या होत्या. किती लावल्या ते मोजलं नव्हतं. बारशानंतर तिसऱ्या दिवशी बाळाची आजी दारात आली. आत आली नाही. तळहात पुढे केला, त्यावर एक टाचणी होती. “तुझीच ना गं?” एवढंच म्हणाली. बाळाच्या टाचेवर लाल ओरखडा उठला होता, टाचणी घुसली नव्हती. त्या आजी मला एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, म्हणून ते मला आणखीच लागलं. ती टाचणी मी वेगळ्या डबीत ठेवली आहे आणि क्लासमधल्या प्रत्येक नव्या मुलीला दाखवते.

त्या आठवड्यात मी आईच्या करवंटीतल्या उशीवर जाड दोऱ्याने ताण देऊन सहा पाकळ्या पाडल्या. एका पाकळीत दहा टाचण्या. एकूण साठ, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. काम संपलं की मोजायला लागत नाही. एखादी पाकळी विरळ दिसली की डोळ्यांना लगेच कळतं. विरळ दिसली तर दिवा मालवायचा नाही, ती सापडेपर्यंत शोधायचं. न्यू जर्सीच्या आजींना मी टोमॅटोच्या पाकळ्यांबद्दल म्हणाले ते हेच.

तुमच्या घरी एवढं करा. बाळाच्या कुंची-दुपट्याला टाचणी लावूच नका, गडद दोऱ्याचे कच्चे टाके घाला आणि शेवटी ओढून काढा. बाकीच्या कामाला रंगीत डोक्याच्याच टाचण्या. शिवायला एकच जागा ठरवा आणि खाली फिक्या रंगाची चादर पसरा. उठताना चादरीवरून आणि आजूबाजूच्या फरशीवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं गोल चुंबक त्याला उत्तम, काठीला बांधलं तर वाकावंही लागत नाही. पितळेची टाचणी त्याला चिकटत नाही, म्हणून चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलच्याच वापरा. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर मात्र चुंबक त्यांच्याजवळ नेऊ नका.

आणि तुमच्या ह्यांच्यासाठी ही काळजी बाळापेक्षा कमी नको. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते. टाचणी रुतली तर बाळ रडेल. त्यांना कदाचित कळणारच नाही आणि चार दिवसांनी जखम चिघळलेली सापडेल. घरातही चपला घालू द्या आणि रोज रात्री तुम्ही त्यांचे तळवे बघा.

पंढरपूरहून : सुई-टाचणी हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. खरं का? आणि मोडलेल्या टाचण्यांचं काय करावं?

आम्ही क्लासमध्येही हातात देत नाही, उशीसकट सरकवतो. टोचली तर कुरबूर होणारच! रीत चांगली आहे, पाळा.

मोडक्या सुया-टाचण्या कचऱ्यात तशाच टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात त्याच पिशवीत जाणार असतो. जपानात सुयांसाठी एक दिवस असतो, काही भागांत ८ फेब्रुवारीला, काही भागांत ८ डिसेंबरला. वर्षभरात मोडलेल्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांना देवळात निरोप देतात; इतकं कठीण कापड टोचलं, आता मऊ जागी विसावा घ्या, असा त्यातला भाव. मला हे फार आवडलं. आपण खंडेनवमीला मशीन, कात्री, गजपट्टी पुजतो, त्याच दिवशी मी मोडक्या टाचण्यांची वर्षभराची बाटली बंद करते. औषधाच्या गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बाटली त्याला पुरते. झाकण घट्ट लावायचं, भोवती चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर ठळक अक्षरांत ‘मोडक्या सुया’ असं लिहून सुक्या कचऱ्याच्या बाईंच्या हातात, सांगून द्यायची.